मेजवानीतील मौन : आंग ली यांच्या दोन चित्रपटांतील भोजनप्रसंगांची चिकित्सा

प्रस्तावना

भोजन ही शरीराची गरज आहे. परंतु चारचौघांत बसून जेवणे हा सामाजिक व्यवहार आहे. कोणी कोणाच्या शेजारी बसावे, कोणी वाढावे, कोणी आग्रह करावा आणि कोणी तो मोडू नये, यांविषयी प्रत्येक समाजाचे संकेत ठरलेले असतात. घराबाहेरच्या भोजनात, म्हणजे उपाहारगृहात किंवा विवाहादी समारंभात, हे संकेत अधिक ठळक होतात. कारण तेथे जेवणाऱ्याबरोबर पाहणाराही उपस्थित असतो. चित्रपट या कलेला भोजनप्रसंगांचे जे आकर्षण वाटत आले आहे, त्याचे एक कारण या प्रेक्षणीयतेत आहे.

आशियाई चित्रपटांत भोजनाला मध्यवर्ती स्थान देणाऱ्या कलाकृतींची एक लक्षणीय परंपरा आहे. जुझो इतामी यांचा 'ताम्पोपो' (१९८५) हा जपानी चित्रपट एका साध्या रामेनच्या दुकानाभोवती रचलेला आहे. याच परंपरेत तैवानमध्ये जन्मलेले दिग्दर्शक आंग ली यांच्या 'द वेडिंग बँक्वेट' (१९९३) आणि 'ईट ड्रिंक मॅन वूमन' (१९९४) या दोन चित्रपटांचा विचार करावा लागतो. पहिल्या चित्रपटाला १९९३ च्या बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. परभाषिक चित्रपटांच्या ऑस्कर पुरस्कारासाठी तैवानच्या वतीने दोन्ही चित्रपटांना नामांकन लाभले. 'पुशिंग हँड्स' (१९९१) हा त्यांचा पहिला चित्रपट धरून या तिहींची एक चित्रत्रयी मानली जाते. तिन्हींत पित्याची भूमिका सिहुंग लुंग या एकाच ज्येष्ठ नटाने केली आहे.

प्रस्तुत लेखात या त्रयीतील उत्तरार्धाच्या दोन चित्रपटांमधील भोजनप्रसंगांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. 'भोजनाचा उत्सव' म्हणून हे चित्रपट सामान्यतः वाखाणले जातात. या प्रशंसेत त्यांचे मर्म सापडते का, हा या लेखापुढील प्रश्न आहे.

रूढ आकलन आणि त्याची मर्यादा

'ईट ड्रिंक मॅन वूमन'चा प्रारंभ सर्वपरिचित आहे. वृद्ध बल्लवाचार्य चू आपल्या तैपेईतील जुन्या घरात रविवारच्या जेवणाची तयारी करीत आहेत. जिवंत मासा पाण्यातून काढून साफ केला जातो, सुरी फळीवर लयीत चालते, कढईतील तेल तडतडते, वाफेच्या टोपल्या एकमेकींवर चढतात. कित्येक मिनिटे संवाद जवळजवळ नाहीतच. हे दृश्य पाहून प्रेक्षकाच्या तोंडाला पाणी सुटते आणि तेथेच त्याचे मत बनते, की हा चित्रपट रुचकर अन्नाविषयी आणि त्या अन्नाने बांधलेल्या कुटुंबाविषयी आहे.

परंतु या तयारीनंतर जे जेवण होते, त्याकडे नीट पाहिले पाहिजे. तीन अविवाहित मुली टेबलाशी बसतात आणि कोणीच मनापासून जेवत नाही. मधली मुलगी जिया-चिएन एका पदार्थाच्या चवीत उणीव काढते आणि पित्याचा चेहरा उतरतो; कारण चू यांची जीभ चव हरवू लागली आहे, हे घरात सर्वांना ठाऊक असूनही बोलले जात नाही. दिग्दर्शकाने पाककृतीला जितका अवधी दिला आहे, तितका जेवण्याच्या आनंदाला दिलेला नाही. ही विषमता हेतुपूर्ण आहे. अन्न विपुल आहे, भूक नाही. टेबल भरलेले आहे, बोलणे अडलेले आहे. 'उत्सव' हा शब्द या स्थितीला लागू करणे कठीण आहे.

दोन्ही चित्रपटांत एक सूत्र पुनःपुन्हा प्रत्ययास येते. मेजवानी जितकी मोठी, तितके तिच्या आड दडलेले मौन मोठे असते. याउलट, खरे बोलणे जेथे घडते तेथील अन्न साधे, थोडे आणि बहुधा साक्षीदाराविना खाल्लेले असते. या सूत्राच्या आधारे दोन्ही चित्रपटांचे वाचन करता येते.

विवाहभोजन : असत्याचा समारंभ

'द वेडिंग बँक्वेट'चा नायक वाय-तुंग हा न्यूयॉर्कमध्ये स्थिरावलेला तैवानी तरुण आहे. सायमन या अमेरिकन जोडीदाराबरोबर तो संसार करतो; पण तैवानमधील आईवडिलांना याची कल्पना नाही. विवाहासाठी त्यांचा तगादा चालूच आहे. त्याच्या इमारतीतील भाडेकरू वेवे ही चीनमधून आलेली चित्रकार आहे आणि तिला अमेरिकेत राहण्याचा परवाना हवा आहे. नावापुरते लग्न केल्यास तिघांचाही प्रश्न सुटेल, असे ठरते. मात्र बातमी कळताच आईवडील थेट न्यूयॉर्कला येऊन दाखल होतात.

येथून अन्न आणि असत्य यांचे नाते जुळू लागते. वेवेला स्वयंपाक येत नाही, सायमनला येतो. त्यामुळे स्वयंपाक सायमन करतो आणि सुगरणपणाचे श्रेय सुनेला दिले जाते. सासूसासऱ्यांच्या पानात पडणारा पहिलाच घास अशा रीतीने दुसऱ्याच्या नावाने वाढलेला असतो. यात विनोद आहे, तसाच एक मार्मिक संकेतही आहे. घराची खरी 'सून' स्वयंपाकघरात आहे आणि तिला टेबलाशी ओळख नाही.

नगरपालिकेच्या कचेरीत काही मिनिटांत उरकलेला विवाह पाहून आईच्या डोळ्यांत पाणी येते. त्या उदासीवर उतारा म्हणून सर्वजण एका चिनी उपाहारगृहात जेवायला जातात. तेथील मालक म्हणजे निवृत्त सेनाधिकारी असलेल्या पित्याचा सैन्यातील जुना सेवक निघतो. आपल्या एके काळच्या वरिष्ठाच्या एकुलत्या मुलाचे लग्न मेजवानीविना व्हावे, हे त्याला सहन होत नाही. तो समारंभाचा भार स्वतःवर घेतो. या प्रसंगाचे महत्त्व बहुधा दुर्लक्षिले जाते. परदेशातील उपाहारगृह हे येथे केवळ जेवणाचे ठिकाण राहत नाही. मायदेशातील मानमरातब, श्रेष्ठकनिष्ठभाव आणि जुने उपकार यांची ती एक जपून ठेवलेली पेढी ठरते. वाय-तुंगने न्यूयॉर्कमध्ये जे मागे टाकले आहे असे त्याला वाटते, ते सर्व त्या उपाहारगृहात त्याची वाट पाहत असते.

त्यानंतरची मेजवानी हा चित्रपटाचा मध्य आहे. पाहुणे वधूवरांना चिडवतात, मद्य पाजतात, चुंबनाचे खेळ खेळायला लावतात आणि अखेरीस त्यांच्या खोलीतही घुसतात. पाहुण्यांतील एका छोट्या भूमिकेत स्वतः दिग्दर्शक दिसतात आणि हजारो वर्षांच्या दमनाला फुटलेली ही वाट आहे, अशा आशयाचा शेरा मारतात. या दृश्याचे मर्म मराठी वाचकाला समजण्यास अडचण पडू नये. विवाहात नाव घेण्याचा आग्रह, घास भरवण्याची थट्टा आणि विशेषतः विहिणींची पंगत यांमध्ये मौज आणि सक्ती यांची अशीच गुंफण आढळते. विहिणीच्या पानाभोवती रांगोळी काढली जाते, गाणी म्हटली जातात. आणि दोन घराण्यांमधील रुसवेफुगवे, देण्याघेण्याचा हिशेब या सजावटीखाली झाकून ठेवला जातो. पंगतीत बसलेल्याला नाही म्हणता येत नाही. वाय-तुंग आणि वेवे यांनाही ते म्हणता येत नाही. नावापुरता असलेला विवाह त्या रात्री मद्याच्या अंमलाखाली आणि वेवेच्या पुढाकाराने शरीरसंबंधापर्यंत पोहोचतो आणि ती गर्भवती राहते. मेजवानीने एक असत्य साजरे केले आणि त्या असत्याला देह दिला.

या ठिकाणी चित्रपटाच्या एका उणिवेचा निर्देश आवश्यक ठरतो. वेवेची चित्रकार म्हणून असलेली ओळख समारंभानंतर क्रमाने मावळत जाते आणि सून व माता एवढीच तिची भूमिका उरते. पित्याला नातू मिळतो, पुत्राला क्षमा मिळते, सायमनला स्वीकार मिळतो. या सर्वांची किंमत मुख्यत्वे वेवेच्या वाट्याला येते. चित्रपट या विषमतेला स्पर्श करतो, पण विनोदाच्या ओघात तिच्याजवळ थांबत नाही.

खरे बोलणे होते ते मेजवानीनंतर. गर्भारपणाची बातमी फुटल्यावर तिघे तरुण आईवडिलांसमक्ष टेबलाशीच इंग्रजीतून भांडतात. वृद्धांना ही भाषा कळत नाही, असे ते गृहीत धरतात. पुढे पिता सायमनला एकांतात गाठतात आणि मोडक्या इंग्रजीत सांगतात, की आपण पाहिले, ऐकले आणि समजून घेतले आहे. सुनेला द्यावे तसे लाल पाकीट ते त्याच्या हाती ठेवतात. ही कबुली ज्या क्षणी दिली जाते, त्या क्षणी समोर ताट नाही, पाहुणा नाही, छायाचित्रकार नाही. त्याच वेळी, हे गुपित घरात कोणालाही सांगायचे नाही, अशी अटही त्या कबुलीला जोडलेली आहे. मौन येथे सुटत नाही, ते केवळ वाटून घेतले जाते.

हॉटेलचा मुदपाकखाना आणि घरचे टेबल

'ईट ड्रिंक मॅन वूमन' या शीर्षकाचे मूळ 'लीजी' या प्राचीन चिनी ग्रंथातील विचारात आहे. खाणेपिणे आणि स्त्रीपुरुषांचे परस्पर आकर्षण या माणसाच्या मूलभूत वासना होत, असा तो विचार. चू या दोन्ही वासनांपासून दुरावलेले आहेत. पत्नी जाऊन सोळा वर्षे झाली आहेत आणि जीभ निकामी होत चालली आहे.

तैपेईतील ग्रँड हॉटेलमध्ये एका बड्या घरच्या विवाहभोजनात शार्कच्या परांचा पदार्थ बिघडतो आणि चू यांना घरून तातडीने बोलावले जाते. मुदपाकखान्यातून ते सेनापतीच्या दिमाखात चालत जातात, विस्कटलेल्या जिन्नसाला निराळे रूप देतात आणि त्याला मंगलसूचक नवे नाव बहाल करतात. पाहुणे तृप्त होतात. विवाहभोजनाविषयी आधीच्या चित्रपटाने जे सांगितले होते, तेच येथे पाकशास्त्राच्या परिभाषेत पुन्हा येते. समारंभात पदार्थ अस्सल असण्यापेक्षा त्याचे नाव शुभ असणे अधिक महत्त्वाचे असते. झाकण्याची कला ही व्यावसायिक पाककौशल्याचाच एक भाग आहे. चव न कळणारा आचारी ती कला निर्दोषपणे पार पाडू शकतो. कारण चवीची जबाबदारी त्याने सहकारी वेन यांच्या जिभेवर सोपविलेली आहे. वेन यांच्या चेहऱ्यावरून ते पदार्थाची पारख करतात. वेन यांच्या निधनानंतर हा आधारही तुटतो.

घरच्या टेबलाची गत वेगळी आहे. तेथे दर रविवारी एकेक जाहीर घोषणा होते. जिया-चिएन वेगळे घर घेतल्याचे सांगते, धाकटी जिया-निंग गर्भवती असल्याचे सांगून निघून जाते, थोरली जिया-जेन विवाह उरकल्याचे सांगते आणि अखेरीस स्वतः चू सर्वांना चकित करतात. शेजारच्या विधवा श्रीमती लियांग यांच्याशी नव्हे, तर त्यांची घटस्फोटित मुलगी जिन-रोंग हिच्याशी आपण विवाह करणार, असे ते जाहीर करतात. लियांगबाई तेथेच कोसळतात. घोषणा हा संवाद नव्हे, हे या प्रसंगांतून स्पष्ट होते. निर्णय झाल्यानंतर त्याची वर्दी देण्यासाठी टेबल वापरले जाते. निर्णयापूर्वीचे मनोगत तेथे कधीच उलगडत नाही. लियांगबाईंच्या फजितीवर प्रेक्षक हसतो. पण तिच्या अपेक्षा कोणी व का वाढू दिल्या, हा प्रश्न त्या हशात विरून जातो. विनोदाच्या सोयीसाठी स्त्रीपात्राला खर्ची घालण्याची प्रवृत्ती याही चित्रपटात दिसते.

डबा आणि सूप

याउलट, चू यांच्या अंतरंगातील खरी उलथापालथ एका लहान मुलीच्या डब्यातून घडते. जिन-रोंगला स्वयंपाक जमत नाही. तिची मुलगी शान-शान शाळेत बेचव डबा नेते. चू गुपचूप तिला स्वतः शिजविलेले पदार्थ पोहोचवू लागतात आणि त्या बदल्यात जिन-रोंगने केलेला बेचव डबा स्वतः खातात. शान-शानच्या वर्गमैत्रिणींची झुंबड उडते आणि पुढे पुढे ती उद्याच्या पदार्थांची मागणीच नोंदवू लागते. घरच्या टेबलावर जे अन्न कोणाला नको होते, त्या अन्नाला शाळेच्या बाकावर भूक भेटते. मुंबईतील डब्यावर आधारलेल्या रितेश बत्रा यांच्या 'द लंचबॉक्स' (२०१३) या चित्रपटातही, समोरासमोर न होणारे बोलणे डब्यातून होते. डबा एकाने भरायचा आणि दुसऱ्याने दूर कोठेतरी उघडायचा असतो. आग्रह करायला कोणी समोर नसल्यामुळे खाणाऱ्याचे मत खरे असते.

जिया-चिएनचे दुःख हा या चित्रपटाचा गाभा मानावा लागतो. बालपणी ती हॉटेलच्या मुदपाकखान्यात रमत असे. मुलीने शिकून मोठे व्हावे, म्हणून पित्याने तिला तेथून बाहेर काढले. ती विमान कंपनीत अधिकारपदावर पोहोचली. पण हातातील कला तशीच राहिली. ती मनसोक्त स्वयंपाक करते तो मित्राच्या घरी, कारण पित्याच्या स्वयंपाकघरात तिला जागा नाही. घरोघरचा रोजचा स्वयंपाक स्त्रियांच्या माथी असतो. पाककला जेव्हा प्रतिष्ठेचा व्यवसाय होते, तेव्हा तिच्या सिंहासनावर पुरुष बसतो, ही विसंगती केवळ तैवानपुरती मर्यादित नाही. महाराष्ट्रातील लग्नकार्यात मोठ्या पातेल्याशी उभा असलेला आचारी आणि माजघरात भाजी निवडणाऱ्या स्त्रिया यांचे चित्र आठवले, तरी ती ध्यानात येते.

शेवटच्या प्रसंगात घर विकले गेलेले आहे. बहिणींपैकी कोणी येऊ शकत नाही. रिकाम्या घरात जिया-चिएनने एकटीने स्वयंपाक केला आहे आणि पाहुणा म्हणून पिता आले आहेत. ते सूप चाखतात आणि त्यात आले अधिक झाल्याचे सांगतात. मुलगी प्रतिवाद करू लागते, तोच दोघांच्याही लक्षात येते, की पित्याला चव कळली. ते आणखी सूप मागतात. दोघे एकमेकांना नात्याने हाक मारतात आणि चित्रपट संपतो.

हा शेवट सुखान्त मानला जातो. तो तसा आहेही. परंतु त्याला एक कडू किनार आहे. जिया-चिएनला स्वयंपाकघर मिळाले, ते घर विकल्यानंतर. व्यावसायिक मुदपाकखान्याचे दार तिच्यासाठी शेवटपर्यंत उघडत नाही. तरीही या प्रसंगाचे श्रेष्ठत्व नाकारता येत नाही. कारण दोन्ही चित्रपटांत मिळून हे एकच जेवण असे आहे, की ज्यात अन्नाविषयी प्रामाणिक तक्रार केली जाते आणि ती तक्रार प्रेम म्हणून स्वीकारली जाते.

प्रेक्षक नावाचा पाहुणा

या चित्रपटांवर एक आक्षेप संभवतो. पाश्चात्त्य प्रेक्षकाला आशियाई संस्कृती चवदार थाळीच्या रूपाने वाढली गेली, असा तो आक्षेप आहे. प्रारंभीच्या पाककृतीदृश्याचा मोह पाहता तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. मराठी प्रेक्षकाची स्थितीही येथे तपासण्यासारखी आहे. स्वागतसमारंभात मांडलेल्या 'चायनीज'च्या टेबलावरील हाका नूडल्स आणि भारतातच घडलेले मांचुरियन यांवर त्याची चिनी अन्नाची ओळख बहुधा उभी असते. पडद्यावरील पदार्थ त्याला बर्लिनच्या प्रेक्षकाइतकेच अपरिचित असतात. दोघेही डोळ्यांनीच चव घेतात.

तथापि, आंग ली या पाहुण्याला तृप्त करून परत पाठवीत नाहीत, हे लक्षात घेतले पाहिजे. भूक चाळवून ते त्याला अशा टेबलाशी बसवितात, की जेथे कोणीच सुखाने जेवत नाही. सचिन कुंडलकर यांच्या 'गुलाबजाम' (२०१८) या मराठी चित्रपटाशी तुलना केल्यास हा भेद कळतो. लंडनमध्ये मराठी जेवणाचे उपाहारगृह काढण्याचे स्वप्न घेऊन नायक पुण्यात येतो आणि डबे करून देणाऱ्या राधाकडे स्वयंपाक शिकतो. तेथे अन्न मुख्यतः जखम भरून काढते. आंग ली यांच्याकडे अन्न आधी जखम झाकते आणि क्वचितच ती भरून काढते.

या रचनेचे बळ तिच्या रूपांतरांवरूनही सिद्ध होते. 'टॉर्टिला सूप' (२००१) या चित्रपटात चू यांचे कुटुंब लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाचे झाले. पदार्थ बदलले, टेबलावरील अडलेले बोलणे तेच राहिले. समलिंगी विवाहाला न्यूयॉर्क राज्यात २०११ मध्ये आणि तैवानमध्ये २०१९ मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली. वाय-तुंगच्या असत्याचे एक कारण त्यामुळे नाहीसे झाले. तरीही २०२५ मध्ये अँड्र्यू आन यांनी 'द वेडिंग बँक्वेट'चे पुनर्निर्माण केले, तेव्हा त्यात आजीला सत्य लवकर उमगूनही कोरियन पद्धतीचा विवाहसमारंभ पार पडतो. कायदा बदलला, तरी चारचौघांसमोर मांडलेली पंगत आपला हक्क सोडीत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की आंग ली यांच्या या दोन चित्रपटांना भोजनाचा उत्सव मानणे हे अपुरे आकलन आहे. त्यांत भोजनाच्या दोन रीती परस्परांसमोर उभ्या केलेल्या आहेत. एक रीत प्रेक्षणीय आहे. तिच्यात यजमानाची प्रतिष्ठा, पाहुण्यांची मर्जी आणि पदार्थाचे शुभ नाव यांना स्थान आहे, सत्याला नाही. दुसरी रीत डब्याची आणि दोन माणसांत वाटून घेतलेल्या सुपाची आहे. तिच्यात दोष काढता येतो. स्त्रीपात्रांच्या वाट्याला आलेल्या अन्यायाजवळ हे चित्रपट पुरेसे थांबत नाहीत, ही त्यांची मर्यादा आहे. मात्र ही मर्यादा दिसण्यासाठी लागणारी दृष्टीही याच चित्रपटांनी दिली आहे. कारण भरलेल्या ताटाकडे न पाहता जेवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावे, हे त्यांनी प्रेक्षकाला शिकविले. विवाहसमारंभ दिवसेंदिवस अधिक खर्चिक होत असताना आणि भोजनकक्षात देशोदेशीच्या पदार्थांची टेबले वाढत असताना, त्या टेबलांमधून हिंडणाऱ्या वधूवरांना काही वेगळे सांगायचे होते का, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य या कलाकृतींतून मिळते.